दार न उघडता आइस्क्रीम

आमचे हे फ्रीज दुरुस्त करतात. इतकी वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच उपदेश करत आलेत, की दार उगाच उघडू नका. घरात तर विचारूच नका. मी दूध काढायला गेले की मागून आवाज येतोच, काय हवं ते एकदम काढून घे. लग्नानंतर मला वाटलं गंमत करतायत. हळूहळू कळलं, गंमत हा प्रकार त्यांच्या अंगात नाही. एकदा पाहुण्यांनी गार पाणी मागितलं, तर हे म्हणाले, आणखी कुणाला तहान लागतेय का बघू, म्हणजे एकदाच उघडता येईल. पाहुणे तसेच गेले.

तर अशा माणसाच्या आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. सासूबाई घरी आल्या आणि त्यांनी खाणंच सोडलं. गिळता येत होतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. पण चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायच्या. मी भरवून पाहिलं, यांनी भरवून पाहिलं, शेजारीणही येऊन लाडीगोडी लावून गेली. पालथ्या घड्यावर पाणी. सोमवारपर्यंत वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, मेले तरी नळी घालू देणार नाही. त्या एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेवाचंही चालत नाही. हे बाहेर येऊन चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

गार, मऊ काहीतरी द्या, आइस्क्रीमही चालेल, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. विकतच्या वस्तूला कुणाकुणाचे हात लागलेले असतात म्हणून सासूबाई ती तोंडात घालत नाहीत. मग हे म्हणाले, मी घरी करतो. मशीन नव्हतं. शेजारणीनं कृती सांगितली: दूध आटवायचं, साखर आणि साय घालून गार करायचं, पसरट डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि दर अर्ध्या तासानं बाहेर काढून काट्यानं चांगलं घोटायचं. नाहीतर बर्फाचे खडे होतात.

यांनी दूध सुरेख आटवलं. शेवटचा भाग मात्र त्यांना पटेना. दर अर्ध्या तासानं दार? त्या बाईला फ्रीजमधलं काय कळतंय, असं म्हणून त्यांनी डबा आत ठेवला आणि दाराला चिकटपट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी चमचा वाकला. सुरीचं टोक तुटलं. हे डब्यावर टकटक करून म्हणाले, गारवा मस्त धरलाय.

माझं डोकंच फिरलं. "तिकडे तुमची आई उपाशी मरतेय आणि इकडे तुम्ही फ्रीजला जपताय," मी म्हटलं.

यांनी डबा रिकामा करून धुतला. पुन्हा दूध आटवलं, पुन्हा डबा भरला, चिकटपट्टी लावली आणि कामाला गेले. जित्याची खोड, दुसरं काय. त्यांची पाठ वळताच मी पट्टी ओढून काढली.

पहिल्यांदा घोटायला बसले, तेव्हा सासूबाई खाटेवरून बघत होत्या. मला काटा धड धरता येत नव्हता, कडेचं दूध ओट्यावर सांडत होतं. थोडा वेळ त्यांनी सोसलं. मग भिंतीला धरत धरत उठल्या, स्टुलावर बसल्या आणि माझ्या हातातून काटा काढून घेतला. कडेचं मध्ये, मधलं कडेला, असं शांतपणे घोटलं. काटा जिभेला लावून म्हणाल्या, साखर कमी आहे. मी घातली. पुन्हा जिभेला लावला. आता जास्त झाली.

मी डबा परत फ्रीजरमध्ये ठेवला. अर्धा तास झाला की त्याच हाक मारायच्या. दर खेपेला काहीतरी चुकलेलं असायचं, आणि काय चुकलंय ते नीट कळायला त्यांना दोन-तीनदा तरी काटा बुडवावा लागायचा. माझा जीव भांड्यात पडत होता, पण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

संध्याकाळी हे आले. ओट्यावर पट्टीचा बोळा दिसला, भुवया वर गेल्या. डबा काढून उघडला. आइस्क्रीम मऊ होतं आणि निम्म्याहून कमी उरलं होतं. हे माझ्याकडे बघायला लागले. कुणी खाल्लं म्हणून मलाच विचारलं.

"कुणी खाल्लेलं नाही," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "मी नुसती चव बघत होते. अजून जमलेलं नाही. उद्या दूध जास्त आण."

आणतो, म्हणाले हे. एवढंच म्हणाले, आणि डबा हातात धरून उभ्या उभ्या रडायला लागले. मलाही आवरेना. सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हात पुढे केला.

"दे इकडे तो डबा. वितळेल."