शंभर टक्क्यांत न बसलेली मुलगी

पनवेलच्या एका खाजगी शाळेत मी एकवीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. आमच्या दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के. तो कसा लागायचा, हे सांगायला मला निवृत्त व्हावं लागलं.

शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. नववीत खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. गणितात फार कच्ची. अपूर्णांक आले की पेन खाली ठेवायची. पण माशांच्या श्वसनाचा धडा आला, तेव्हा ती घरून ताजा मासा घेऊन आली आणि तिने त्याचे कल्ले उघडून वर्गाला दाखवले. चाळीस पोरं बाक सोडून तिच्याभोवती जमली. माझ्या हातून तो धडा इतका चांगला कधीच झाला नव्हता.

एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "बाई, ही मुलगी आपला निकाल घालवणार. तिच्या आईला दाखला घेऊन जायला सांगा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसेल."

"सर, अजून वर्ष आहे हातात. मी जादा तास घेते."

"आणि तरी नापास झाली तर? गेटवरच्या बोर्डावर काय लिहायचं?"

मी तिच्या आईला निरोप धाडला. तिथेच माझी लायकी ठरली.

आई मासे विकून थेट बाजारातून आली. "बाई, पोरगी एक दिस शाला बुडवत नाय. मंग काढता कशाला?"

"बाहेरून बसलं की सोपं जातं," मी धडधडीत खोटं बोलले. बाई म्हणतात ते खरंच असणार, या भरवशावर तिने सही केली. मुलगी शेजारीच उभी होती. तिने एवढंच विचारलं, "मंग गणवेश घालायचा नाय?"

तिच्या गावाजवळच्या एका साध्या शाळेने तिला दहावीत घेतलं. तिथल्या सरांनी शाळा सुटल्यावर रोज तिला गणित शिकवलं. तरी मार्चमध्ये ती गणितात राहिली आणि त्या शाळेचा निकाल खाली आला. आमच्या गेटवर मात्र शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागला, त्यावर माझाही फोटो.

पावसाळ्यात मासळी बाजारात तिची आई भेटली. "जुलैला बसली नि पास झाली, बाई," ती हसून म्हणाली. त्या हसण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

परवा कामोठ्यातल्या आमच्या शेजारणीने मोबाइलवर आमच्या आणि त्या साध्या अशा दोन्ही शाळांचे निकाल माझ्यापुढे धरले. "तुम्ही तर शाळेतल्याच. लेकीला कुठे घालू?"

खरं सांगायचं तर तिला रोज गणित शिकवणाऱ्या त्या सरांची शाळा सांगायला हवी होती. पण मग दाखल्याची गोष्टही सांगावी लागली असती. मी म्हटलं, "आमची शाळा चांगली आहे."