उत्तरेश्वर आप्पांचं मरण

ईट गावच्या जत्रेत उत्तरेश्वर आप्पा मरायला लागले की बायका डोळ्याला पदर लावायच्या. नाटक कुठलंही असो, तिसऱ्या अंकात म्हातारा बाप मरणार आणि तो बाप आप्पाच असणार, हे ठरलेलं. लेकाच्या मांडीवर डोकं ठेवून, चांगलं पानभर बोलून आप्पा मान टाकायचे. लगेच मागून आरोळी यायची, “वन्स मोअर!” मेलेले आप्पा उठून हात जोडायचे आणि पुन्हा मरायचे. पब्लिकला दयामाया म्हणून नाही. लेकाचं काम धोंडीबा करायचा. त्याची मांडी पार बधिर होऊन जायची.

दिवसा आप्पा शाळेत शिपाई, संध्याकाळी तालीम. घरी येईतो बोलायचं त्राण उरलेलं नसायचं. बायको कस्तुराबाई हळद घातलेलं दूध पुढं ठेवायची आणि गप्प बसायची. आप्पा बोलले तरी नाटकातलंच बोलायचे, ती ऐकायची.

पुढं जत्रेत ऑर्केस्ट्रा आला, मग डीजे आला आणि नाटक बंद पडलं. लोकांना वाटलं, आप्पा खचले. खचतात कशाला, सुटले! गुडघे गेले होते आणि मरायचा मनापासून कंटाळा आला होता. पण जिभेवर मुरलेली भाषा स्वस्थ बसू देईना, म्हणून गोष्टी लिहायला लागले. कागदावर पडायला गुडघे लागत नाहीत, म्हणायचे. दोन-तीन गोष्टी पेपरच्या रविवार पुरवणीत आल्याही. गावात कुणी वाचल्या नाहीत, ते सोडा. नट रस्त्यानं निघाला की पोरं मागं लागतात. लेखक निघाला तर कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.

मागच्या उन्हाळ्यात कस्तुराबाई गेली. दुपारी शेवग्याच्या शेंगा मोडता मोडता भिंतीला टेकली आणि म्हणाली, “पाणी आणा जरा.” आप्पा तांब्या भरून आले, तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर आप्पांनी एकच ध्यास घेतला. कस्तुराला गोष्टीत आणायचं. तिचा धड एक फोटोही घरात नव्हता. ती होती तशी कुठंतरी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. लिहायचे, फाडायचे, परत लिहायचे. अखेर जमलंसं वाटलं, तेव्हा मोबाईलवर टाईप करायला त्यांनी ते सुनेकडं दिलं.

राजेश्वरी टाईप करता करता थांबली.

“मामा, एक बोलू का? राग न्हाय ना येणार?”

“बोल की.”

“आत्या इतकं कधी बोलल्याच न्हाईत. हे तर तुमीच मरायलाव.”

आप्पा भडकले. “तुला काय कळतंय गोष्टीतलं!” म्हणून पानं ओढून घेतली आणि ओसरीवर जाऊन बसले. पण वाचायला लागले, तेव्हा त्यांनाही ते दिसलं. कस्तुरा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पानभर बोलत होती. संसार, देव, सात जन्म, सगळं आलं होतं. म्हणजे जिती होती तोवर तिला बोलायला जागा ठेवली नाही, आणि आता मेल्यावर गप्प राहू देईनात. आप्पांना स्वतःची लाज वाटली, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा ते रडले. शिकवलेलं रडणं नव्हतं ते. त्यात आवाजच नव्हता.

मग खोडायला बसले. सात जन्म गेले, देव गेला, मांडी गेली. शेंगा राहिल्या, भिंत राहिली, “पाणी आणा जरा” एवढं एक वाक्य राहिलं आणि भरलेला तांब्या राहिला. सगळं मिळून अर्धं पान.

संध्याकाळी धोंडीबा येऊन बसला. आप्पांनी त्याला ते वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही, कुठं थांबले नाहीत. धोंडीबा उपरण्यानं नाक पुसून म्हणाला, “आप्पा, लई आत गेलं बगा. शेवटचं तेवढं परत एकदा वाचा की.”

आप्पांनी कागदाची घडी घातली. ते फार थकलेले दिसत होते.

“न्हाय, धोंडीबा,” ते म्हणाले. “ती एकदाच गेली.”