लागलेला तंबोरा

पडदा उघडायला पाच मिनिटं होती. मला गायचं होतं. माझी शिष्या मागे बसून तंबोरा छेडत होती आणि माझी नजर तिच्या बोटावर गेली. तारेनं पडलेला जाड घट्टा. वीस वर्षं तसाच माझ्याही बोटावर होता. आता अंगठा फिरवला, तर बोट गुळगुळीत. उन्हाळ्यापासून मी पहाटेचा रियाज सोडलाय. रोज म्हणायचे, उद्यापासून बसू, गळा कुठे पळून जातोय?

गेला की पळून. सकाळपासून साधा षड्ज स्थिर राहत नाही, वरच्याचं तर नावच नको. लोक म्हणतात, आज बाईंचा सूर लागला. जणू बटण दाबलं की लागणारा दिवाच तो! अहो, तो कितीतरी पहाटे आधीच लागलेला असतो, संध्याकाळी तुम्हाला फक्त ऐकू येतो.

"ताई, मस्त लागलाय तंबोरा," शिष्या म्हणाली. "पडदा उघडायला सांगू?"

खरंच सुरेख लागला होता. पलीकडे लोक खुर्च्यांवर स्थिरावत होते.

"थांब गं, पंचम जरा चढलाय," असं म्हणून मी खुंटीला हात घातला आणि लागलेली तार उतरवून टाकली.