हायकोर्टाचं कोरं कार्ड

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर पत्र्याचा एक खोका असायचा. त्यात पोस्टकार्डाएवढी कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर एकेका पुस्तकाबद्दल आमच्या ग्रंथपाल ताईंचं मत. वाचक आधी खोका चाळायचे, मगच कपाटाकडे वळायचे. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत, पाठीमागे ‘हायकोर्ट’. निकाल लागला की अपील नाही.

मी त्यांचा मदतनीस, नमुने सांगतो. एका कवितासंग्रहावर: ‘साठ कविता. सात चांगल्या. उरलेल्या त्या सातांच्या लांबच्या नातेवाईक.’ एका गाजलेल्या कादंबरीवर: ‘पहिली शंभर पानं नायक खिडकीतून बाहेर बघतो. मग घर बदलतो आणि दुसऱ्या खिडकीतून बघतो.’ एका बड्या साहेबांच्या आठवणींवर: ‘लेखकाच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही. माझ्या हातून झाली, मी हे वाचलं.’ तो कादंबरीकार एकदा तणतणत आला. ताईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही माझे चार दिवस घेतलेत, मी फक्त दोन ओळी लिहिल्या. रागवायचं कोणी?”

आवडलेल्या पुस्तकांवरही त्या असंच लिहायच्या. ‘नवरा गेलेल्या बाईच्या कविता. रोज एकच वाचावी. मी सगळ्या एका बैठकीत वाचल्या आणि दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटलं नाही.’ हे वाचून मी मनात म्हटलं, एरवी तरी या कोणाशी बोलतात? मग माझी मलाच लाज वाटली.

कारण त्यांचं घर मी पाहिलं होतं. एकदा त्यांना ताप होता, म्हणून वाचनालयाच्या किल्ल्या आणायला गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर पुस्तकांची चळत. मला बसायला द्यायचं तर ती चळत कुठे ठेवावी, हे त्यांना सुचेना. ती खुर्ची कित्येक वर्षांत कोणासाठी रिकामी करावी लागली नसणार. मी उभ्यानेच किल्ल्या घेतल्या.

जुने शिपाई सांगायचे ते असं. आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या, धाकटा भाऊ सात वर्षांचा. वडील जहाजावर, वर्षातून दोनदा उगवायचे. ताईंनी कॉलेज सोडून इथे नोकरी धरली. भावाची आंघोळ, पाढे, गोवर, प्रगतिपुस्तकावरची सही, सगळं त्यांच्या गळ्यात. शाळा सुटली की तो याच टेबलाखाली बसून वाचायचा. त्यांच्या लग्नाचं बघायला कोणी नव्हतं आणि स्वतःचं स्वतः बघायला त्यांना सवड नव्हती. धाकटा दुसऱ्या शहरात गेला, मोठा लेखक झाला. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन यायचा, घाईघाईतला.

त्याचं आत्मचरित्र आलं तेव्हा आम्ही दोन प्रती घेतल्या. प्रतीक्षायादीत बावीस नावं. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा यादी मोडली आणि पहिली प्रत स्वतः घरी नेली. जाताना म्हणाल्या, “बघू या, माझ्याबद्दल काय काय लिहिलंय त्याने. माझी भाकरी करपायची ते नक्की असणार.” इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तीन दिवसांनी प्रत परत आली. पण खोक्यातलं त्या पुस्तकाचं कार्ड कोरं. वाचक विचारायचे, “ताई, कसंय हो?” त्या म्हणायच्या, “लिहिते.” आठवडा गेला तरी कार्ड कोरंच.

मग मी दुसरी प्रत घरी नेली आणि पानन् पान शोधलं. ताई कुठेच नव्हत्या. आई जाते, वडील समुद्रावर, आणि ‘त्या घरात मी आणि चार भिंती’. प्रकरणंच्या प्रकरणं तो एकटा जेवतो, एकटा झोपतो, तापात एकटाच कण्हतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी ताईंना म्हटलं, “लिहा ना स्पष्ट, हा माणूस धादांत खोटं बोलतो.”

ताई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. म्हणाल्या, “पुस्तक चांगलंय हो. मी रडले वाचताना. चांगल्याला वाईट कसं म्हणू?”

त्याच दुपारी टेबलावरचा फोन वाजला. धाकटाच होता. ताईंनी त्याची प्रकृती विचारली, मुलांची चौकशी केली. मग तो काहीतरी बोलला आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मत हवंय? खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “छान लिहिलंयस. त्या पोराची फार दया आली मला. इतकं लहान पोर, आणि जवळ कोणी म्हणजे कोणी नाही. मी प्रत्येक पानावर वाट बघत होते, की आता तरी त्याची बहीण येईल.”

पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं. टेबलापुढे चार वाचक पुस्तकं घेऊन उभे होते.

“नाही रे, रागावले नाहीये,” ताई म्हणाल्या. “तू विचारलंस, म्हणून एक वाचक म्हणून सांगितलं.”

फोन ठेवून त्यांनी ते कार्ड पुढे ओढलं आणि लिहिलं: ‘चांगलं पुस्तक. शेवटपर्यंत वाट बघायला लावतं.’