दादाच्या नावावर वहिनीची गाडी

माझी वहिनी शिलाई मशीन दुरुस्त करते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे कपडे शिवते का?" शिवत नाही. दादाच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा मी लावून देते. पण कुठलंही मशीन टाका सोडायला लागलं, की वहिनी त्याच्याजवळ कान नेते, चाक हातानं दोनदा फिरवते, खालचं झाकण उघडते आणि ते जणू बिघडलंच नव्हतं असं चालायला लागतं. हे तिच्या वडिलांकडून आलं. त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मोटारसायकल चालवायलाही ती त्यांच्याकडेच शिकली.

अशी बाई माझ्या भावाच्या पदरात पडली आणि भाऊ नोकरीसाठी तिला घेऊन या देशात आला. मी त्यांच्या आधी इथं आले होते, माझ्या नवऱ्याच्या मागून. आता आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वर आणि आम्ही खाली. नणंद म्हणून वहिनीत खोट काढायचा मी पहिलं वर्षभर मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा सरळ तिच्या पक्षात जाऊन बसले. एरवी ती मला नावानं हाक मारते. चिडली की 'वन्सं' म्हणते.

दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याच्यावर भरपूर तोंडसुख घेणार आहे. तो आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोललेला नाही. त्याचा आवडता शब्द 'बघू'. लहानपणी आईनं दळण आणायला सांगितलं तरी तो 'बघू' म्हणायचा आणि शेवटी दळण मी आणायचे.

इथं आम्हा दोघींकडे एकाच प्रकारचं कार्ड आहे. वर फोटो, खाली नाव, आणि त्याच्या खाली आपण कुणाची बायको ते. नवऱ्याच्या कार्डाची मुदत मोठी असते, आमचं दरवर्षी नवं काढायचं. नवऱ्याचं कार्ड रद्द झालं की आमचं आपोआप रद्द. काम करायची परवानगी मात्र आहे, एवढी मेहेरबानी. वहिनीनं पहिल्याच हिवाळ्यात काम शोधलं. शहराच्या कडेला शिलाईचे कारखाने आहेत, लहानमोठे, पत्र्याच्या शेडमधले. तिथं मशीन बंद पडायला काळवेळ नसतो आणि तिथवर बस धड जात नाही. लोखंडी हत्यारांची पेटी घेऊन दोन बस बदलायच्या, मग चढ चढायचा. संध्याकाळी ती माझ्याकडे यायची आणि मी तिच्या खांद्याला तेल चोळून द्यायचे. एक दिवस ती उठून बसली आणि म्हणाली, "बास झालं. गाडी घेते."

एका कारखान्यातले कटिंग मास्तर आपली जुनी मोटारसायकल विकत होते. वहिनीनं स्वतःच्या कमाईतून ती घेतली. तिनं चालवून बघितली, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि घासाघीस न करता हो म्हणाली. राहिलं होतं फक्त नाव बदलणं.

वाहन नोंदणीच्या कचेरीत मी तिच्याबरोबर गेले. तीन नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या, गळ्यात मफलर, नाक लाल. त्यांनी वहिनीचं कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं.

"परदेशी माणसाच्या कार्डावर पूर्ण एक वर्ष शिल्लक लागतं."

"मॅडम, कार्डच एक वर्षाचं असतं. त्यावर वर्ष शिल्लक कधी असणार?"

"ज्या दिवशी मुदत सुरू होते त्या दिवशी असतं."

"पण हातात पडतं तीन महिन्यांनी."

"ते खातं वेगळं," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

पण माणूस म्हणून त्या बऱ्या होत्या. त्यांनीच सुचवलं की नवऱ्याच्या नावावर करा, त्यांचं कार्ड मोठ्या मुदतीचं आहे. नाव त्यांचं असलं तरी चालवायला तुम्हाला कोण अडवतंय? फक्त ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याकडे मोटारसायकलचं लायसन्स हवं. आणि एक लक्षात ठेवा, एका परदेशी कुटुंबाला एकच वाहन मिळतं.

झालं, तिथंच घोडं अडलं. कारण दादा कॉलेजात असताना मामेभावाच्या गाडीवरून नाल्यात पडला होता आणि तेव्हापासून त्यानं दोन चाकांशी संबंध तोडला होता. सायकलशीसुद्धा.

मग आमच्या घरात असं ठरलं की वहिनीनं आपल्या गाडीसाठी नवऱ्याला गाडी शिकवायची. आता लिहितानाही माझ्या डोक्यात तिडीक जाते, पण तेव्हा आम्ही सगळे हसत होतो. बंद पडलेल्या एका गोदामामागं मोकळं पटांगण होतं. दर रविवारी आम्ही तिथं जायचो. दादा हेल्मेट घालून असा बसायचा, जणू त्याला दाढ काढायला बसवलंय. वहिनी बाजूनं पळायची. "क्लच हळू सोडा! अहो, हळू! ब्रेक नाही, क्लच!" गाडी आचका देऊन बंद पडायची आणि दादा म्हणायचा, "बघ, हिलाच चालायचं नाहीये." मी कठड्यावर बसून पोट धरून हसायचे. वहिनी एकदाही वैतागली नाही. जाम झालेलं मशीन सोडवताना ती जशी असते, तशीच इथंही होती. पहिल्या परीक्षेत दादा नापास झाला, दुसऱ्या वेळी पास. गाडी त्याच्या नावावर झाली. नंबरप्लेट वहिनीनं स्वतःच्या हातानं बसवली आणि मला मागं घेऊन शहराच्या कडेपर्यंत चक्कर मारून आणली. वाटेत ती मोठ्यानं काहीतरी बोलत होती, वाऱ्यात मला एक अक्षर कळलं नाही, पण आवाजात आनंद होता.

पुढचे दोन महिने तिचे होते. फोन आला की पेटी मागं बांधायची आणि निघायचं. गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या मालकीणबाई तिच्यावर इतक्या खूश झाल्या की सगळ्या मशीनची देखभाल वर्षभरासाठी तिलाच द्यायचं बोलू लागल्या. ते काम मिळालं असतं तर दारोदार फिरणं थांबलं असतं. वहिनीला आणखी एक गोष्ट मिळाली असती. कायम काम असलेल्या बाईला इथं पुढं स्वतःचं कार्ड मागता येतं, ज्यावर ती कुणाची बायको ते छापलेलं नसतं. हे ती फक्त माझ्याशी बोलली होती.

मग एका सकाळी दादाला उशीर झाला. "आजच्या दिवस नेतो गं," म्हणाला आणि नेली. संध्याकाळी आला तो शीळ घालत. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. बसनं जाऊन येऊन त्याचा चेहरा नेहमी उतरलेला असायचा. नाल्यात पडलेला माझा भाऊ गाडीवरून रुबाबात येतोय, हे बघून मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. पण 'आजच्या दिवस' हा शब्द पुढच्या आठवड्यात दोनदा आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात रोज, आणि मग ते म्हणणंच बंद झालं. किल्ली वहिनीच्या पर्समधून दाराजवळच्या खिळ्यावर आली आणि खिळ्यावरून दादाच्या खिशात गेली. कुणी हिसकावली नाही. तेच तर वाईट. हिसकावली असती तर ओढता आली असती.

"तुला कुठं जायचं असेल तर सांग ना, मी सोडतो," तो म्हणायचा. हे तो मनापासूनच म्हणायचा. पण कारखान्यातलं मशीन त्याच्या सुट्टीचा दिवस बघून बंद पडत नाही.

एकदा त्या मालकीणबाईंचा सकाळीच फोन आला. मशीनची पूर्ण रांग ठप्प झाली होती, बायका हातावर हात धरून बसल्या होत्या. गाडी दादाच्या ऑफिसखाली उभी होती. वहिनी पेटी घेऊन बसनं गेली. पोचली तोवर दुसरा कारागीर येऊन काम उरकून हात पुसत होता. मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "काम तुझंच चांगलं आहे. पण मला बोलावल्यावर येणारं माणूस पाहिजे. ती गाडी तुझी आहे की नवऱ्याची?"

"माझी."

"मग कागद दाखव."

वहिनीनं पेटी खाली ठेवली. बाई म्हणाल्या, "महिनाअखेर मी कुणाला तरी ठरवणार. तुझ्या नावाचा कागद आण, काम तुझं."

आणि त्या महिन्यात काय नवल झालं, वहिनीचं नवं कार्ड मुदत सुरू व्हायच्या आधीच टपालानं आलं! कार्डांची पद्धत बदलली होती म्हणे. वहिनी जिन्यावरून पळत खाली आली. मुदत सुरू व्हायला आठ दिवस होते, म्हणजे आठ दिवस त्या कार्डावर वर्ष शिल्लक होतं. ज्या गोष्टीसाठी इतका खटाटोप केला, ती आता फक्त दादाच्या एका सहीवर आली होती.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम वर गेले. वहिनीनं सगळं नीट समजावून सांगितलं. दादानं चहाचा घोट घेतला.

"आता कशाला नाव बदलायचं? घरचीच तर आहे."

"मालकीणबाईंना कागद हवाय."

"बघू ना. हा आठवडा जरा कामाचा आहे."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "दादा, गाडी तिच्या पैशाची, तुला शिकवली तिनं, आणि तू तिलाच बघू म्हणतोस? काही लाज?"

तो दुखावला. "मी नाही म्हणालोय का? कधी तरी नाही म्हणालोय का?"

नव्हताच म्हणाला. मग थोड्या वेळानं कपाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "आणि मी? मी परत बसनं जायचं?"

एका कुटुंबाला एकच वाहन, हे त्याच्याही लक्षात होतं तर. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "वन्सं, राहू दे."

दुसऱ्या दिवशी तो दमून आला होता. त्यानंतर मीटिंग. मग पाहुणे. मी वहिनीला म्हटलं, "तो झोपला की किल्ली काढून घे आणि सरळ निघून जा."

"किल्लीवर सही होत नाही."

"मग भांड. ताटं आपट. मी येते मदतीला."

ती पेटीतले स्क्रू-ड्रायव्हर पुसत होती. "माझं कार्ड कुणाच्या कार्डावर आहे?" ती म्हणाली. "ते धमकी देतील असं नाही गं. स्वप्नातही देणार नाहीत. पण तोंड उघडलं की मला ते आठवतं, आणि निम्मं बोलणं तिथंच गिळते."

माझ्याही कार्डावर माझ्या नवऱ्याचं नाव आहे, आणि मीही किती बोलणी गिळली असतील याचा हिशोब मी कधी केला नव्हता. त्या दिवशी मला घराच्या भिंती अंगावर आल्यासारख्या वाटल्या. उगाच खिडकी उघडून उभी राहिले.

आठव्या दिवशी दादानं कबूल केलं. जेवणाच्या सुट्टीत गाडी घेऊन तो थेट कचेरीत येणार होता. आम्ही दोघी बसनं आधीच जाऊन बसलो. मफलरवाल्या बाईंनी कार्ड बघितलं, वहिनीचं लायसन्स बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "सगळं बरोबर आहे. आता मालकांची सही, आणि गाडीचा इंजिन नंबर तपासायचा. मालक कुठायत?"

"येतायत."

दोन वाजले, तीन वाजले. वहिनीनं फोन केला, त्यानं उचलला नाही. मग संदेश आला, मीटिंग लांबली, निघतोच. बाकाशेजारी मशीनसारखं काहीतरी घरघरत होतं, पाणी थंड करायचं असावं, आणि वहिनी त्याचा आवाज ऐकत बसली होती. बाईंनी खिडकीची पाटी उलटायच्या आधी मान बाहेर काढून पुन्हा विचारलं, "अहो, मालक कुठायत? गाडी कुठाय?"

"मालक ऑफिसात आहेत," वहिनी म्हणाली. "माझी गाडी घेऊन गेलेत."

बाई म्हणाल्या, "उद्यापासून वर्ष कमी पडेल हो." आणि खरंच वाईट वाटल्यासारखं त्यांनी पाटी हळू उलटली.

दादा आला तेव्हा फाटक लागलं होतं. घाम पुसत पळत आला, दोनदा कान पकडले. "बॉसनं सोडलंच नाही गं. शपथ. पुढच्या वर्षी करूच की, आता कार्ड वेळेवर येतंय ना?" त्याला खरंच वाईट वाटत होतं. तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन आला. वहिनीनं नाव बघितलं आणि फोन पर्समध्ये ठेवला, वाजू दिला.

"बस मागं," दादा मऊ आवाजात म्हणाला. "घरी सोडतो. दमली असशील."

मी बसच्या थांब्याकडे निघाले, पण मागं वळून बघितलं. वहिनीनं हेल्मेटचा पट्टा लावला, खाली वाकली, मागच्या चाकाजवळची चेन दोन बोटांनी वरखाली करून बघितली.

"ढिली झालीय," ती म्हणाली. "रविवारी घट्ट करून देते. तोवर हळू चालवा."

आणि मागं बसली.