मालकासारखा बसणारा पाहुणा

जपानात भुतांचा एवढा सुकाळ आहे, की तिकडे नुसती छत्री झटकली तरी दोन-तीन भुतं खाली पडत असावीत. त्यातला नुरारिह्योन माझा लाडका. दुधीभोपळ्याएवढ्या डोक्याचा हा म्हातारा म्हणे ऐन कामाच्या संध्याकाळी कुणाच्याही घरात शिरतो, ऐटीत बैठक मारतो आणि चहा पितो. गडबडीतल्या घरच्यांना वाटतं, हाच घरचा मालक! हे वाचून मी असा हसलो, की समोरच्या इमारतीतली कुत्री भुंकायला लागली.

मग वाटलं, यात भुताचं कर्तृत्व ते काय? 'कोण हो तुम्ही?' एवढं विचारायला घरात कुणाला सवड नाही, ही खरी गोष्ट. रक्त पिणाऱ्या भुतांच्या बरोबरीने जपानी लोकांनी या न बघण्यालाही भुतांत बसवलं, हे बाकी झकास केलं.

काल संध्याकाळी मुलाच्या ऑफिसातले लोक घरी आले. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसता? सोफा लागेल त्यांना." बसलो. हे घर मी बांधलंय. पायाचा एकेक दगड डोक्यावरून वाहिलाय. बरं, गवंड्यांनी वाहिला असेल, पण उन्हात उभा मीच होतो.

पाहुण्यांतल्या एका मुलीने आपुलकीने विचारलं, "काका, मुक्काम आहे ना अजून?"

मी मुलाकडे पाहिलं. आता हा हसेल आणि म्हणेल, 'अगं, घर त्यांचंच आहे.'

समोसे वाढता वाढता तो म्हणाला, "हो हो, आहेत अजून थोडे दिवस."