कोंबडीच्या अंगणातली रांगोळी

मुलीनं बनवलेल्या कॉम्प्युटर गेममधली चित्रं मी तिला न विचारता सुधारली होती. हा वेडेपणा आता नातवंडांना मीच हसत सांगते. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. चौबे कॉलोनीत माझ्या रांगोळीचं कौतुक व्हायचं, त्यामुळे मी बाई हवेत होते. गेम साधा होता: कोंबडीनं अंगणातले पांढरे दाणे टिपायचे. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात दाखवायचा होता, आणि मले ते अंगण उघडंबोडकं दिसून राहिलं होतं. दुपारभर माऊस धरून मी तिथे ठिपक्यांची रांगोळी काढली, तीही पांढरीशुभ्र. संध्याकाळी मुलगी खेळायला बसली. कोंबडी ठिपक्यांवर चोच मारत हिंडली, दाणा काही सापडेना. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “मम्मी, सुंदर तो है, पर मेरी मुर्गी भूखी मर रही है.”